हातांतले वतन

‘निर्वासित’ हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की, त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. ज्याचा वास सुटला, राहते ठिकाण हिरावले गेले, तो निर्वासित. एवढेच हा शब्द सांगतो. त्या माणसाचे कसब गेले, स्मृती गेली, चांगल्यावाईटाची पारख गेली, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. तरीही व्यवहारात आपण ते गृहीत धरून चालतो. दारात आलेला निर्वासित आपल्याला रिकाम्या भांड्यासारखा भासतो. त्यात अन्न घालावे, वस्त्र घालावे आणि आपण जरा अधिक पुढारलेले असलो तर थोडे ‘कौशल्य’ही घालावे, अशी आपली कल्पना असते.

या कल्पनेत दया आहे, हे नाकारता येणार नाही. प्रश्न दयेच्या पुढचा आहे. प्रतिष्ठा ही एका माणसाने दुसऱ्याला देण्याजोगी वस्तू आहे काय? शिवणयंत्र देता येते, सुतारकामाची हत्यारे देता येतात, सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि शेवटी प्रमाणपत्रही देता येते. पण ज्या मानाने माणूस आपल्या शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो, तो मान प्रमाणपत्राबरोबर हातात ठेवता येतो काय? येत नसेल, तर निर्वासितांसाठी चालणाऱ्या प्रशिक्षणाचे नैतिक प्रयोजन तरी काय उरते?

हा प्रश्न दूरच्या देशांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यात, तो साठ वर्षांपासून जगला जात आहे.

देशाच्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून हिंदू कुटुंबांचे लोंढे भारतात येत राहिले. पश्चिम पंजाबातले स्थलांतर एका प्रचंड लाटेत आटोपले. पूर्वेकडचे तसे नव्हते. ते थांबत थांबत, प्रत्येक दंगलीबरोबर नव्याने उसळत, दोन दशकांहून अधिक काळ चालले. आधी जमीनदार व सुशिक्षित वर्ग आला, आणि मागाहून आला तो बहुतांशी नमःशूद्र समाजाचा गरीब शेतकरी व मच्छीमार. पश्चिम बंगालमध्ये जागा उरली नाही, असे शासनाने ठरविले. १९५८ मध्ये केंद्र सरकारने ओरिसातील कोरापुट व कालाहंडी आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तर या भागांसाठी दंडकारण्य प्रकल्प उभा केला. १९६४ च्या दंगलींनंतर जे आले, त्यांच्यापुढे तर पर्यायच नव्हता. पुनर्वसनाची मदत हवी असेल तर बंगालबाहेर जावे लागेल, असे धोरण होते. रायपूरजवळच्या माना छावणीत हजारो कुटुंबे दिवस मोजीत बसली आणि तेथून निरनिराळ्या प्रांतांत पाठविली गेली. त्यांतील काहींच्या वाट्याला तेव्हाचा चांदा जिल्हा आला. आज गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतून प्रवास करताना विवेकानंदपूर, देशबंधुग्राम, खुदिरामपल्ली अशी गावांची नावे अचानक समोर येतात, ती याच इतिहासाची खूण आहे. सागवानाच्या आणि बांबूच्या रानात बंगालच्या थोर पुरुषांची नावे लावून ही माणसे नव्याने संसार मांडू लागली.

आता त्यांच्या हातांकडे पाहू. हे लोक नद्यांच्या देशातून आले होते. पाणी हे त्यांचे अंगण होते. पुराच्या पाण्यात तग धरणारा भात, ताग, होडी, जाळे, घरामागचे पुकुर म्हणजे छोटे तळे, त्यात वाढवलेले मासे, तळ्याच्या काठावरची केळी आणि भाजी हे सारे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. आणि त्यांना मिळाली ती जंगल तोडून मोकळी केलेली, पावसावर अवलंबून असलेली, नांगराला अपरिचित जमीन. दंडकारण्य विकास प्राधिकरणाचे अध्यक्षपद भूषविलेले शैवालकुमार गुप्ता यांनी पदावरून दूर झाल्यावर १९६५ मध्ये जे लिहिले, त्यात जमिनीचा हलका कस आणि सिंचनाचा अभाव यांवर बोट ठेवले होते. योजना आखणाऱ्यांना माणसांची संख्या ठाऊक होती, एकरांची संख्या ठाऊक होती. त्या माणसांना काय येते, हे विचारण्याचा रकाना मात्र त्यांच्या कागदावर नव्हता. १९७८ मध्ये दंडकारण्यातील वसाहती सोडून हजारो कुटुंबे सुंदरबनाकडे परत निघाली आणि १९७९ मध्ये मरिचझापी बेटावर त्यांची जी शोकांतिका झाली, तिची कारणे अनेक आहेत. परंतु पाण्याच्या माणसाला पाण्याची ओढ लागली होती, हेही त्यांतले एक कारण होते.

येथे पहिली नैतिक कसोटी हाती लागते. ज्याला आपण शिकवू इच्छितो, त्याला आधीच काय येते, हे विचारणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा पहिला स्वीकार होय. न विचारता शिकवणे म्हणजे त्याच्या मागच्या साऱ्या आयुष्यावर काट मारणे. त्या माणसाचे घर तर आधीच गेलेले असते; आपण परोपकाराच्या भरात त्याचे कसबही गेले असे ठरवून टाकतो.

यावर कुणी म्हणेल की, जुने कसब नव्या भूमीत निरुपयोगी ठरते. अरण्यात होडी बांधणाऱ्याने काय करावे? आक्षेप खरा आहे. पण अर्धाच खरा. कसब हे एकाच थराचे नसते. होडी हा वरचा थर झाला. त्याखाली लाकडाची पारख असते, त्याखाली पाण्याच्या स्वभावाची जाण असते, आणि सर्वांत तळाशी धीर असतो. वाट पाहण्याचा, निरीक्षणाचा, चूक दुरुस्त करण्याचा. वरचा थर गळून पडला तरी खालचे थर कामाला येतात. एका भाषेतला आशय दुसऱ्या भाषेत जसा नव्याने सांगावा लागतो, तसे एका भूमीतले कसब दुसऱ्या भूमीत नव्याने मांडावे लागते. खरे प्रशिक्षण हे या अर्थाने भाषांतर असते. भाषांतरकाराला दोन्ही भाषा याव्या लागतात. शिक्षकाला फक्त आपलीच भाषा येत असेल, तर तो भाषांतर करीत नाही. समोरच्याला मुका करतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत हे भाषांतर पुष्कळसे लोकांनी स्वतःच केले. झाडीपट्टी हा मुळात भाताचा आणि तलावांचा मुलूख. मालगुजारीच्या काळात बांधलेले, आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाणारे शेकडो तलाव या भागात आहेत आणि ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर मासेमारी करीत आला आहे. बंगाली कुटुंबांनी घराशेजारी आणि शेतात तळी खणली, रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले, भाताच्या बांधावर भाजी लावली. आज त्या टापूतील आठवडी बाजारात बंगाली विक्रेत्याची भाजी आणि मासळी ही परकी गोष्ट राहिलेली नाही. मातीची आणि पाण्याची भाषा अखेर जुळली. ती जुळायला लागलेला काळ मात्र एका पिढीच्या उपासमारीने आणि हिवतापाने मोजला गेला, हे विसरता कामा नये. आधी विचारले असते, तर कदाचित इतकी किंमत मोजावी लागली नसती.

शेजारच्या तेव्हाच्या भंडारा, आताच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथला अनुभव याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. तिबेटी गालिचे विणण्याची कला तेथे जतन केली गेली. ती त्यांच्या हातांची स्वतःची कला होती आणि म्हणून तिला मान होता. तरी विदर्भातल्या शहरांना तिबेटी माणूस ठाऊक आहे तो हिवाळ्यात लोकरी स्वेटर विकणारा म्हणून. कलेने ओळख टिकवली आणि व्यापाराने चूल पेटती ठेवली. यात कमीपणा कशाचाच नाही. यातून एवढेच दिसते की, माणसाला काय शिकवावे हे ठरवणाऱ्याने त्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक ठेवली पाहिजे. जी कला सक्तीने टिकवली जाते, ती त्या लोकांचे संग्रहालय करते. जो धंदा सक्तीने लादला जातो, तो त्यांना मजूर करतो. निवडीचा अधिकार हीच प्रतिष्ठेची दुसरी कसोटी.

पवित्र शास्त्रातील एका जोडप्याकडे या संदर्भात आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांची प्रथम भेट होते. अक्विल्ला मूळचा पंत प्रांतातला. सम्राट क्लौद्याने सर्व यहुद्यांना रोम सोडून जाण्याचा हुकूम केला, म्हणून हे पतिपत्नी इटलीहून करिंथात आले होते. म्हणजे ते निर्वासित होते. पौल त्यांच्याकडे गेला, आणि ग्रंथकाराने कारण दिले आहे ते अगदी साधे: त्यांचा आणि पौलाचा व्यवसाय एकच होता, तिघेही तंबू करणारे. पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला.

या प्रसंगात कोण कुणाला मदत करतो आहे, हे सांगणे कठीण आहे. पौल त्यांच्यासाठी मदतनिधी घेऊन आला नव्हता. तो त्यांच्या शेजारी बसला. कापड, दोरा आणि सुई यांच्या भोवती तिघांची ओळख झाली. पुढे याच जोडप्याने अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला बाजूला घेऊन मार्ग अधिक नीट समजावून सांगितला, आणि त्यांचे घर मंडळीचे भेटण्याचे ठिकाण झाले. हाकलून दिलेली माणसे आश्रयदाते झाली, शिक्षक झाली. त्यांचे गाव सम्राटाने काढून घेतले होते. हातातली सुई काढून घेणे सम्राटालाही साधले नाही. मराठीत ‘वतन’ म्हणजे पिढीजात हक्काची जमीन वा मान, आणि हिंदीत तोच शब्द मायभूमीसाठी वापरतात. कसब हे एकच वतन असे आहे की, सीमा ओलांडताना ते जप्त करता येत नाही.

आता तिसरी कसोटी. प्रतिष्ठित माणूस केवळ घेत नाही. त्याच्याजवळ देण्याजोगेही काही असते आणि समाज ते स्वीकारतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ च्या सुमारास वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले. कुष्ठरोग्याने देशाची सीमा ओलांडलेली नव्हती. पण आपल्या घरातून आणि गावातून हाकलला गेलेला तो माणूस निर्वासितच होता. बाबांचा आग्रह होता की, भिक्षा माणसाला मोडते आणि काम त्याला घडवते. झडलेल्या बोटांच्या माणसांनी विहिरी खणल्या, शेती केली. आरंभी बाहेरचे लोक तिथले दूध आणि भाजीपाला घेण्यास कचरत. याच आनंदवनातून १९६४ मध्ये वरोऱ्याच्या मुलांसाठी आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले. ज्यांच्या हातची भाजी चालत नव्हती, त्यांच्या श्रमातून गावाच्या मुलांना शिक्षण मिळाले. देणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलल्या, तेव्हा कुठे प्रतिष्ठा पूर्ण झाली. १९६७ मध्ये मूल तालुक्यात सुरू झालेल्या सोमनाथ प्रकल्पाला ‘श्रमिक विद्यापीठ’ असे नाव दिले गेले, त्यामागेही हाच विचार असावा: श्रम करणारा हा विद्येचा याचक नव्हे, तो स्वतः एक विद्या बाळगून आहे.

बाराव्या शतकातील यहुदी विचारवंत मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतील सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजवंताला भागीदार करून घेणे किंवा त्याला काम मिळवून देणे, जेणेकरून त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात असे प्रतिपादन केले की, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही; कामाचे मोल त्यातून निघणाऱ्या वस्तूवरून ठरत नाही, ते करणारा ‘कोणी एक’ आहे यावरून ठरते. दोन भिन्न परंपरा एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या आहेत. प्रशिक्षणातून किती टोपल्या तयार झाल्या हा दुय्यम प्रश्न. टोपली विणणारा कोण झाला, हा मुख्य प्रश्न.

येथवर युक्तिवाद सरळ चालला. पण चंद्रपूर-गडचिरोलीचे अरण्य आपल्याला एवढ्यावर सुटू देत नाही. निर्वासितांसाठी जे जंगल तोडले गेले, ते कुणाचे होते? त्या रानात गोंड आणि माडिया पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्याकडे पट्टे नव्हते, म्हणून जमीन ‘रिकामी’ ठरली. जसे निर्वासिताचे हात रिकामे ठरले, अगदी तसेच. एकाच कार्यालयात बसून दोन्ही समाजांविषयी एकच चूक केली गेली. माडिया माणूस सीमा ओलांडून कुठे गेला नाही. सीमाच त्याच्या अंगावरून चालत गेली आणि तो आपल्या घरात पाहुणा झाला. त्याला जर वाटले असेल की, सरकारने दूरच्या माणसाला जमीन दिली, घर दिले, आणि आपल्याला वनरक्षकाचा दंड दिला, तर त्या भावनेला हेवा म्हणून निकालात काढणे न्यायाचे नाही.

दंडकारण्य प्रकल्पात मोकळ्या केलेल्या जमिनीचा चौथा हिस्सा आदिवासींसाठी ठेवण्याचे धोरण होते. म्हणजे न्यायाची जाणीव अगदीच नव्हती असे नाही. परंतु तो न्याय वाटणीचा होता, सहवासाचा नव्हता. जमिनीचे तुकडे झाले. एकमेकांकडून शिकण्याची जागा मात्र निर्माण झाली नाही. जंगलाचे ज्ञान माडियाजवळ होते: कोणते कंद खावेत, मोह केव्हा वेचावा, कोणत्या पावसानंतर नाला धोक्याचा होतो. तळ्याचे आणि भाजीचे ज्ञान बंगाल्याजवळ होते. दोघांनाही एका मांडवाखाली बसवून एकाला दुसऱ्याचा गुरू करता आले असते. जिथे शेजारधर्माने हे आपोआप घडले, तिथे गावे एकमेकांना धरून राहिली. जिथे घडले नाही, तिथे जमीन, बाजार आणि उसनवारी यांवरून मने कडवट झाली. म्हणून ‘सामुदायिक’ हा शब्द प्रशिक्षणाच्या मागे शोभेसाठी लावता येणार नाही. निर्वासितांपुरते चालणारे प्रशिक्षण निर्वासितांना वेगळे पाडते आणि शेजाऱ्याच्या मनात दुरावा पेरते. आलेल्याबरोबर यजमान समाजातला गरीबही ज्या चटईवर बसतो, तेच प्रशिक्षण सामुदायिक. यजमानाच्या ताटातले काढून पाहुण्याला वाढणे हा आतिथ्यधर्म नाही. विशेषतः वाढणारा तिसराच कुणी असेल तेव्हा.

आणखी एक गोष्ट याच जिल्ह्याने शिकवली आहे. कसब असूनही साहित्यावर हक्क नसेल, तर कसब पांगळे असते. गडचिरोलीत बांबूकाम करणारे कुशल हात कधीच कमी नव्हते. बांबू मात्र वनखात्याचा होता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. त्या गावाला बांबू तोडायला कुणी शिकवले नव्हते. त्याला हवा होता तो आपल्या रानातल्या बांबूवर आपला शब्द चालण्याचा अधिकार. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे राज्य शासनाने बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केले आहे, ते उपयुक्तच आहे. पण कौशल्याला हक्काची जोड मिळाली तरच त्याचे फळ कारागिराच्या घरी जाते.

बंगाली वसाहतींचेही तसेच आहे. मासे वाढवण्याचे कसब आले, बाजारही मिळाला. परंतु जमिनीच्या पूर्ण मालकीचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित असलेली नमःशूद्र जात महाराष्ट्राच्या यादीत नसल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील मुले शिक्षण व नोकरीच्या उंबरठ्यावर अडखळत राहिली. जगाच्या पातळीवर १९५१ च्या निर्वासितविषयक करारात आश्रयाच्या देशात काम करून पोट भरण्याचा हक्क नमूद आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. तरी भारताने लक्षावधी लोकांना आसरा दिला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण आसरा हा उपकार असतो आणि हक्क ही ओळख असते. उपकाराखाली माणूस वाकून चालतो. हक्काने तो ताठ उभा राहतो. या उणिवेची भरपाई कोणतेही प्रशिक्षण करू शकत नाही, आणि ती करण्याचा दावाही प्रशिक्षणाने करू नये.

मग आरंभीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? प्रतिष्ठा देता येत नाही, कारण ती मुळात गेलेलीच नसते. देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाच्या ठायी ती आहेच, अशी आपली श्रद्धा आहे. आणि ही श्रद्धा न मानणारा विचारवंतही माणसाचे मोल त्याच्या राहत्या पत्त्यावर अवलंबून ठेवणार नाही. मात्र ती झाकली जाते. छावणीची रांग, शिधापत्रिकेवरचा शिक्का, ‘तुम्हाला काय येते’ हे न विचारणारा अधिकारी आणि तितकाच न विचारणारा परोपकारी यांच्या हातून ती झाकली जाते. प्रशिक्षणाचे काम हे आवरण दूर करण्यापुरते आहे. ते काम लहान नाही. आधी विचारणे, निवडीची मोकळीक ठेवणे, शेजाऱ्याला बरोबर बसवणे, हक्काची बाजू सोडून न देणे आणि अखेरीस शिकलेल्याकडून स्वतः काही शिकून घेणे, एवढे सारे त्यात येते.

भूक मात्र या चिंतनासाठी थांबत नाही, हेही मान्य केले पाहिजे. आज आलेल्याला आज भाकरी हवी, आणि ती आधी दिली पाहिजे. पण भाकरी वाढतानाही विचारता येते, ‘तुमच्याकडे भात कसा करतात?’ या साध्या प्रश्नाला पैसा लागत नाही. तो विचारला गेला की, समोरचा माणूस क्षणभर निर्वासित राहत नाही. ज्याला काही ठाऊक आहे असा माणूस होतो. आपल्या धर्मग्रामांतून, शाळांतून, महिला मंडळांतून अशा कितीतरी चटया आजही अंथरता येतील. निर्वासित म्हटले की आपल्याला नकाशावरचे दूरचे देश आठवतात. परंतु वीटभट्टीवर आलेले कुटुंब, धरणाखाली गाव गेलेला शेतकरी आणि दुष्काळाने शहरात लोटलेला मजूर आपल्या मिस्साच्या घंटेच्या हाकेवर राहत आहेत. आपल्या दाराशी ते येतील तेव्हा आपण त्यांच्या पसरलेल्या तळहाताकडे पाहतो की त्या तळहातावरच्या घट्ट्यांकडे, यावर आपल्या सेवेचे मोल ठरणार आहे.